म्हातारपणाचा विसर : प्रत्येक घरी वाट वेगळी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडात इतकी बसली आहे की, घरातील वडीलधारे माणूस चार गोष्टी विसरू लागले तरी त्यात कोणाला नवल वाटत नाही. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो. विसर वाढला, वागणे विपरीत झाले, की ‘म्हातारचळ लागला’ हा दुसरा शब्द तयार असतोच. या दोन शब्दांच्या आड खरे दुखणे झाकून जाते.

साठी आली म्हणून बुद्धी नासत नाही. ऐंशी ओलांडलेल्या कितीतरी आज्या आजही दुधाचा रतीब, नातवंडांच्या तिथी आणि शेजारणीची उसनवारी तोंडपाठ सांगतात. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे निराळे. दुसऱ्या प्रकारच्या विसराला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. देशभरातील पाहणीवर आधारलेला एक अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे आपल्या देशात साठीच्या पुढील दर शंभर माणसांत सुमारे सातजणांना हा आजार आहे. एकूण आकडा ८८ लाखांच्या घरात जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात त्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे हा काही शहरातल्या बंगल्यांचा आजार नव्हे.

पण या लेखात सांगायचे आहे ते त्याच्याही पुढचे. हे सातजणही एकमेकांसारखे नसतात. एकाचा आजार पंधरा वर्षे रेंगाळतो, दुसऱ्याचा चार वर्षांत अंथरुणाला खिळवतो. एक आजोबा शांत होतात, दुसरे काठी उगारतात. आणि गावात मात्र तुलना चालू असते. ‘पलीकडच्या आळीतल्या म्हातारीला असले काही झाले नाही, मग तुमच्याच सासूबाई अशा का वागतात?’ हा प्रश्न ऐकून किती सुना मुकाट्याने डोळे पुसतात! दुसऱ्याच्या घरावरून आपल्या घरचा अंदाज बांधणे हीच या आजारातील मोठी फसगत होय. ती कशी, ते पाहू.

पहिल्या दोन रोग्यांचीच गोष्ट

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात १९०१ साली ५१ वर्षांच्या एका बाईंना दाखल करण्यात आले. त्यांचे नाव ऑगस्टे डेटर. त्यांचे दुखणे विसरण्याने सुरू झाले नव्हते, तर नवऱ्याविषयीच्या संशयाने सुरू झाले होते. विसर मागाहून आला आणि झपाट्याने वाढला. १९०६ साली त्या वारल्या. त्यांना तपासलेले डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मेंदू आकसला होता, पेशींच्या बाहेर गाळासारखे डाग साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. त्याच वर्षी त्यांनी डॉक्टरांच्या सभेत ही हकीकत मांडली. १९१० साली या आजाराला त्यांचेच नाव मिळाले.

१९११ साली अल्झायमर यांनी आणखी एका रोग्याची हकीकत छापली. हा ५६ वर्षांचा मजूर होता. त्याच्या मेंदूत गाळासारखे डाग पुष्कळ होते, पण धाग्यांचा गुंता काही दिसला नाही. म्हणजे या आजाराच्या इतिहासातील पहिले दोन रोगीच एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हते. आणि दोघेही साठीच्या आतले होते, हेही ध्यानात ठेवावे.

खारबांधाचे उदाहरण

हा फरक का पडतो, ते उरण तालुक्यातील शेतकऱ्याला चटकन समजेल. द्रोणागिरी हे नाव आज नवी मुंबईचा एक विभाग म्हणून ऐकू येते. परंतु डोंगराच्या पायथ्याशी आणि खाडीच्या काठाने पसरलेला हा मुलूख मुळात भातशेतीचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालायचा, पावसाचे साचलेले पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी उघाडी ठेवायची आणि बांधाच्या आत भात पिकवायचे, ही खारपाट्याची जुनी रीत. घाटावरील वाचकांना हे चित्र नवे वाटेल, म्हणून थोडे खुलासेवार सांगितले. बांधाला भगदाड पडले तर त्याला खांड पडली असे म्हणतात.

आता मेंदू म्हणजे बांधाच्या आतली जमीन समजा. ताज्या आठवणींचे शेत एकीकडे, बोलण्याचे दुसरीकडे, दिशा ओळखण्याचे तिसरीकडे, तारतम्याचे आणि लाजलज्जेचे आणखी कोठे. समुद्र सर्वांचा एकच. पण कोणते शेत आधी खारे होणार, हे खांड कोठे पडली त्यावर ठरते. बांधाला झिरपा लागला असेल तर वर्षानुवर्षे हळूहळू क्षार चढतो. उधाणाला बांध फुटला तर एका रात्रीत शेत जाते. उघाडीची झडप नादुरुस्त असेल तर पाणी येते आणि जाते. चारही बाजूंनी पाहणाऱ्याला ‘शेत खारे झाले’ एवढेच दिसते, पण प्रत्येकाचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा.

एका आळीतील चार घरे

समजा, एकाच आळीत चार घरांत हा आजार आला आहे.

पहिल्या घरातील आजी सकाळी जेवल्या हे दुपारी विसरतात आणि ‘सूनबाई मला जेवायला देत नाही’ म्हणून शेजारी सांगतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नात कोणी काय आहेर केला, ते मात्र बिनचूक सांगतात. येथे झिरपा लागला आहे. ताज्या आठवणीचे शेत आधी गेले, जुने अजून गोड आहे. हा बहुधा अल्झायमरचा आजार. स्मृतिभ्रंशाच्या शंभर रोग्यांत साठ ते सत्तरजणांना तो असतो. त्याची चाल संथ, पण सतत उताराची.

दुसऱ्या घरातील आजोबांना रक्तदाब आहे, साखर आहे. दिवाळीत त्यांना एक झटका आला आणि हिशेब सुटला. पुढे सहा महिने प्रकृती होती तशीच राहिली. मग पुन्हा झटका आला आणि घरातली वाटही चुकू लागली. ही पायऱ्यापायऱ्यांची उतरण. मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडल्याने किंवा फुटल्याने हा स्मृतिभ्रंश होतो. येथे रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवली तर पुढचे उधाण थोपवता येण्याची आशा असते.

तिसऱ्या घरातील आजोबा सोमवारी शहाण्यासारखे बोलतात, मंगळवारी त्यांना काही उमगत नाही, बुधवारी पुन्हा चांगले. अंगणात लहान मुले उभी आहेत असे सांगतात, आणि तेथे कोणी नसते. झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात. चाल मंद होते, पावले घासतात. गावात लगेच बाधेची चर्चा सुरू होते आणि भगताकडे कोंबडे जाते. ही बाधा नव्हे. ल्युई बॉडी नावाचा हा आजार आहे. भरती-ओहोटीसारखा चढउतार हीच त्याची खूण. ‘म्हातारा ढोंग करतो, कालच तर नीट बोलत होता’ असा आरोप अशा माणसावर हटकून होतो. याच रोग्यांना वेड शांत करण्याची काही औषधे फार बाधतात. अंग ताठरते, जिवावरही बेतते. म्हणून भास होतात, हातपाय झाडतात हे डॉक्टरांना औषध घेण्यापूर्वीच सांगावे.

चौथ्या घरात माणूस म्हाताराही नाही, पंचावन्नचा आहे. त्याची आठवण शाबूत आहे. पण स्वभावच पालटला. चारचौघांत नको ते बोलतो, मयताच्या घरी हसतो, गोड खात सुटतो, पैसे उधळतो, बायको आजारी पडली तरी त्याला काही वाटत नाही. लोक म्हणतात दारू, संगत, माज. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागाला झीज लागली की असे होते, आणि हा प्रकार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो.

शिवाय उतारवयात दोन प्रकार एकत्र आलेलेही पुष्कळ वेळा आढळतात. एकीकडे झिरपा आणि त्यातच उधाण! मग वरच्यापैकी कोणतेच चित्र पुरते जुळत नाही.

एका मंत्रिमंडळातील दोघे

जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून उरण तालुक्यातील चिर्ल्याकडे येणारा सागरी सेतू सुरू झाला. त्याला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव आहे. ज्यांचे भाषण ऐकायला लोक मैलोगणती चालत जात, त्या वाजपेयींना २००९ साली पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे बोलणेच अडखळले. पुढे त्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे वृत्तपत्रांतून येत राहिले. १६ ऑगस्ट २०१८ रोजी वयाच्या ९३व्या वर्षी ते वारले.

त्यांच्याच मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री होते. मुंबईच्या कामगारांचे हे पुढारी. १९७४ चा रेल्वे संप त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्यांना अल्झायमरचा आजार जडला. २०१० पर्यंत ते राज्यसभेचे सभासद होते. त्यानंतरची वर्षे सार्वजनिक जीवनापासून दूर गेली आणि २९ जानेवारी २०१९ रोजी ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोघेही जन्मभर लोकांत वावरलेले, दोघांनाही उत्तम डॉक्टर लाभलेले. तरीही एकाच्या बाबतीत झटक्याने वाणी अडली आणि दुसऱ्याच्या बाबतीत आजाराने हळूहळू घेरले. मोठ्यांच्या घरीही हा आजार एका वाटेने जात नाही, मग आपल्या आळीत तो एका वाटेने कसा जाईल?

आजार एकच, तरी वेग वेगळा

प्रकार तोच असला तरी वेग सारखा नसतो. अल्झायमरचे निदान झाल्यावर माणूस सरासरी चार ते आठ वर्षे जगतो असे सांगतात. पण काहीजण वीस वर्षेही काढतात. याची कारणे बरीच आहेत.

एक कारण मेंदूच्या शिल्लकीचे. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकांनी १९८६ साली ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास सुरू केला. मठात सगळ्यांचे खाणे, राहणे आणि दिनक्रम जवळजवळ सारखा. मृत्यूनंतर आपला मेंदू तपासावा अशी परवानगी त्यांनी दिली होती. त्यात असे आढळले की काही जोगिणींच्या मेंदूत आजाराच्या खुणा भरपूर होत्या, पण जिवंतपणी त्या शहाण्यासुरत्या वागत होत्या. त्यांतील एक तर १०१ वर्षे जगल्या. कणगी भरलेली असेल तर एक साल पीक बुडाले तरी घर तगते, तसे हे आहे. शिक्षण, डोक्याला काम देणारा धंदा, माणसांत मिसळणे यांनी मेंदूची कणगी भरते. मात्र अशा माणसाचा आजार उशिरा उघडा पडतो आणि उघडा पडल्यावर पुष्कळदा वेगाने वाढतो. कणगीचा तळ लागला की उपास एकदम कळतो!

दुसरे कारण सोबतच्या दुखण्यांचे. मधुमेह, रक्तदाब, मंद झालेले कान, मोतीबिंदू, पडून मोडलेले खुब्याचे हाड, पुनःपुन्हा होणारा छातीचा किंवा लघवीचा संसर्ग; यांतील एकेक गोष्ट रोग्याला एकेक पायरी खाली ओढते. तिसरे कारण घरचे वातावरण. रोज ओरडा खाणारा माणूस जास्त बिथरतो, आणि बिथरल्यावर त्याचा आजार आहे त्याहून मोठा दिसतो.

गाव बदलले, आठवण तीच राहिली

द्रोणागिरीच्या आसपासच्या घरांत याला आणखी एक पदर आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी येथील जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघर परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाचजणांचे प्राण गेले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. २०२४ च्या जानेवारीत रेल्वे द्रोणागिरी स्टेशनावरून उरणपर्यंत धावू लागली. शेते होती तेथे कंटेनरची यार्डे आली आणि पायवाटांच्या जागी ट्रेलरचे रस्ते झाले.

ज्याची ताजी आठवण आधी पुसली जाते, त्याच्या लेखी यातील काहीच घडलेले नसते. त्याचे बांध, त्याचे खळे, त्याची उघाडी त्याच्या डोळ्यांपुढे जागच्या जागी असते. आषाढात ढग दाटले की तो आवणीसाठी उठून चालू लागतो. स्वतःच्या घराच्या ओटीवर बसून ‘मला घरी जायचे आहे’ म्हणतो, कारण त्याच्या मनातले घर कौलारू आणि शेणाने सारवलेले आहे; समोरच्या स्लॅबच्या घराला तो ओळखत नाही. ‘अहो बाबा, ती जमीन गेली, तुम्हाला ठाऊक नाही का?’ असे रोज सांगणे म्हणजे त्याला रोज नव्याने ती जमीन हिरावल्याचे दुःख देणे होय. त्यापेक्षा ‘बाबा, यंदा कोणते भात लावायचे?’ असे विचारून चार पावले सोबत चालावे आणि बोलता बोलता घराकडे वळवावे.

घरातून निघून जाणारा प्रत्येकजण शेत शोधायलाच जातो असेही नाही. एकाला दिशा उमगत नाही म्हणून तो परसाकडे जाऊन वाट चुकतो. दुसऱ्याला कोणी तरी दिसते, त्याच्यामागे तो जातो. तिसऱ्याला बसवतच नाही, म्हणून तो चालत सुटतो. पहिल्याला खूण आणि उजेड लागतो, दुसऱ्याला डॉक्टर लागतो, तिसऱ्याला रोज सोबतीने फिरवून आणावे लागते. म्हणून ‘का गेला?’ हे आधी पाहावे. दाराला कुलूप घालणे हा सगळ्यांवर एक उपाय नव्हे.

आधी हे तपासून घ्या

विसर दिसला की तो न फिरणाराच आजार आहे असे धरून चालू नका. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ ची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावणे, मनाची खोल उदासी, झोपेच्या गोळ्या, दारू, कानाने ऐकू न येणे यांमुळेही माणूस विसरभोळा दिसतो, आणि यांवर उपचार आहेत. काही आठवड्यांपूर्वी माणूस पडला असेल, डोक्याला मार लागला असेल, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून असेच होते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर तो बरा होऊ शकतो.

दुसरी गोष्ट त्याहून तातडीची. कालपर्यंत बरा असलेला म्हातारा आज एकाएकी बरळू लागला, रात्रभर जागला किंवा गुंगीत गेला, तर ‘म्हातारचळ वाढला’ म्हणून बसू नका. लघवीतील संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील मीठ किंवा साखर कमी होणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवे औषध यांपैकी काहीतरी घडलेले असते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर पक्षाघात समजून तास न घालवता मोठ्या इस्पितळात न्यावे.

संजीवनी अजून सापडलेली नाही

ज्या पर्वतावरून मारुतीरायाने संजीवनी आणली, त्या द्रोणागिरीचे नाव या गावच्या डोंगराला आहे. पण या आजाराला मुळासकट उपटणारी संजीवनी अजून हाती आलेली नाही, हे स्पष्ट सांगणे बरे. डोनेपेझिलसारख्या गोळ्या अल्झायमरच्या आणि ल्युई बॉडीच्या काही रोग्यांना काही काळ आधार देतात. दुसऱ्यांना त्यांचा गुण येत नाही. म्हणून शेजारच्या आजोबांची गोळी आपल्या आजीला देऊ नये आणि ‘शंभर टक्के खात्री’ सांगणाऱ्या जाहिरातींवर जमिनीचा पैसा उडवू नये.

आजार टाळण्याच्या बाबतीत मात्र हातात बरेच आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने १४ कारणे सांगितली. ती दूर झाली तर जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रकार टळतील किंवा लांबणीवर पडतील असा तिचा अंदाज आहे. कमी शिक्षण, बहिरेपणा, अधू नजर, रक्तदाब, मधुमेह, चरबी, लठ्ठपणा, विडी-सिगारेट, जास्त दारू, डोक्याला मार, बसून राहणे, उदासी, एकटेपणा आणि हवेतील धूर ही ती कारणे. मुलीला शाळेत टिकवणे हासुद्धा तिच्या म्हातारपणाचा विमाच आहे!

घरात काय करावे?

पहिले काम म्हणजे एक वही घालावी. कोणत्या दिवशी काय विसरले, केव्हा चिडले, झोप कशी लागली, पडले का, कोणते औषध सुरू झाले, हे रोज दोन ओळींत लिहावे. शाळेत जाणारे नातवंडही हे करील. तीन महिन्यांची अशी वही पाहून आजार उताराचा, पायऱ्यांचा की भरती-ओहोटीचा हे डॉक्टरांना पुष्कळसे कळते.

कीटकनाशके, तणनाशके, रॉकेल आणि कोयते कुलपात ठेवावेत. विहिरीला जाळी असावी. गॅसची शेगडी वापरून झाल्यावर सिलिंडर बंद करावा. संडासाच्या वाटेवर रात्री दिवा असावा. सदऱ्याच्या खिशात किंवा लुगड्याच्या केळात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी शिवून टाकावी. रिक्षावाले, दुकानदार, स्टेशनजवळचे टपरीवाले यांना आधीच सांगून ठेवावे. लपवण्यात अब्रू नाही. माणूस सुखरूप परत येण्यात आहे.

दिनक्रम ठरलेला ठेवावा आणि जमेल ते काम काढून घेऊ नये. वाल सोलणे, तांदूळ निवडणे, जाळे विणणे, दोर वळणे ही हाताची कामे डोके थकल्यावरही बरेच दिवस जमतात. गाण्याची आठवण तर फार उशिरापर्यंत टिकते. आगरी लग्नातले धवले जन्मभर गायलेली धवलारीण नातवाचे नाव विसरेल, पण सूर लागला की गाऊ लागेल. तिला लग्नघरातून बाजूला बसवू नका. जी शेते अजून गोड आहेत ती ओळखावी आणि तीच कसावी, हाच येथला शहाणपणा. शेवटच्या टप्प्यात गिळणे कठीण होते. तेव्हा बसवून, मऊसर अन्न लहान घासांनी भरवावे आणि अंथरुणावर कूस बदलत राहावी.

जमीन, कागद आणि अंगठा

साडेबारा टक्क्यांचा भूखंड, मोबदल्याची रक्कम, वारसांच्या नोंदी अशा कागदांवर सही-अंगठ्याचा प्रश्न या भागात घरोघरी आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, करार करतेवेळी त्या माणसाला व्यवहार आणि त्याचे परिणाम समजत असले पाहिजेत. आजार पहिल्या टप्प्यात असताना बहुतेकांना ते समजते. म्हणून निदान झाल्यावर लवकर, सगळ्या भावाबहिणींसमक्ष, वकिलाच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्या माणसाची इच्छा विचारून कागद करावेत. समज गेल्यावर घेतलेला अंगठा पुढे कोर्टाची पायरी चढवतो आणि भावकी तोडतो. येथेही शेजाऱ्याचे पाहून थांबू नये. त्यांच्या वडिलांना पाच वर्षे मिळाली म्हणून आपल्याला मिळतील असे नाही.

सांभाळणाऱ्याकडेही पाहा

या आजारात एक माणूस विसरतो आणि दुसरा झिजतो. हा दुसरा बहुतेक घरांत सून किंवा लेक असते. रात्रीचे जागरण, दिवसाची शेती-मजुरी आणि वर चोरीचा आळ! सासूबाई म्हणतात, ‘माझी पुतळ्यांची माळ हिनेच नेली.’ तो आजार बोलतो, सासू बोलत नाही, हे घरातील पुरुषांनी आणि शेजारणींनी समजून घेतले तर त्या बाईचे अर्धे ओझे उतरेल. भावांनी पाळ्या लावाव्यात. मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाने पैसे पाठवून मोकळे न होता महिन्यातून चार दिवस येऊन बसावे. घरी म्हाताऱ्याला अंघोळ घालणे हे फक्त बायकांचे काम नव्हे.

मदत मागण्यात कमीपणा नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. मनाच्या दुखण्याविषयी बोलण्यासाठी सरकारचा टेली-मानस १४४१६ हा नंबर आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा नंबर आहे. दोन्ही फुकट आहेत.

वाचकहो, शेतकरी दोन शेतांना एक खत, एक पाणी कधी देत नाही. माती पाहतो, उतार पाहतो, मग हात घालतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीतही तेच करावे. पुढच्या वेळी आळीत कोणी म्हणाले, ‘अमक्याच्या आजोबांना असे झाले नव्हते,’ तर न रागावता सांगावे, ‘खांड प्रत्येक बांधाला वेगळ्या जागी पडते. आमच्या बाबांची कोठे पडली आहे ते आम्ही पाहतो आहोत.’ आणि आज संध्याकाळी दिवेलागणीला वहीचे पहिले पान लिहून ठेवावे.